‘डी प्लस’ची गोष्ट: मागास ठरला तालुका, अर्ज केला कंपनीनं

‘आमचा तालुका डी प्लसमध्ये घ्या.’

तालुक्याच्या गावात बातमीदारी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ही मागणी असलेलं निवेदन कधी ना कधी येतंच. खाली पाच-पंचवीस सह्या, सोबत तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो. मीही अशा बातम्या बऱ्याच दिल्यात. सर्वपक्षीय मागणी असते, विरोध कुणाचाच नसतो. आपला तालुका मागास ठरला की कारखाने येणार आणि पोरांना पुण्याला जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत चौघांनी राहायची वेळ येणार नाही, हा त्यामागचा हिशेब. हिशेब प्रामाणिक आहे. पण या सवलतीचा साठ वर्षांचा इतिहास तो पुरता खरा ठरवत नाही. पोस्ट लांबलचक आहे, सवडीनं वाचा.

आधी डी प्लस म्हणजे काय ते सांगतो. राज्य सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. उद्योगवाले तिला पॅकेज स्कीम म्हणतात. या योजनेत महाराष्ट्राचे तालुके गटांत वाटलेले आहेत. ए गट म्हणजे विकसित भाग: मुंबई महानगर, पुणे, पिंपरी-चिंचवड. बी म्हणजे थोडाफार विकास झालेला. मग सी, डी, डी प्लस. त्याच्याही खाली ‘विनाउद्योग जिल्हा’. जितका खालचा गट, तितकी कारखान्याला करात जास्त सवलत आणि तीही जास्त वर्षं. नवी योजना आली की जीआरला तालुक्यांची यादी जोडलेली असते. सगळी निवेदनं असतात ती या यादीसाठी.

यात पुण्याचा संबंध काय? तर पुणे शहर यादीत अगदी वर, म्हणजे सवलतीच्या दृष्टीनं शेवटी. पण मागासपणा मोजायचा कसा, यावरचा मोठा विचार झाला तो याच शहरात, डेक्कनवरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत. आणि या सवलतीची मर्यादा बघायची असेल तर तीही पुण्याभोवतीच सगळ्यात स्पष्ट दिसते.

१९६४: ‘पुणं भरलं’

महाराष्ट्र राज्य झालं १९६० ला. एमआयडीसी आली १९६२ ला. तोवर पुण्याच्या आसपास उद्योगांनी मूळ धरलं होतं. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स होती, पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, टेल्को आणि बजाज पाठोपाठ आलेच. १९६४ मध्ये सरकारनं पहिली प्रोत्साहन योजना काढली. हेतू एका वाक्यात सांगता येतो: मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात गर्दी करणारे उद्योग बाहेर, अविकसित भागाकडे वळवायचे.

राज्य जेमतेम चार वर्षांचं, आणि सरकारच्या लेखी पुण्याचा पट्टा तेव्हाच भरल्यासारखा! यामागे राजकीय वचनही होतं. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा द्यायचं ठरलं होतं. रस्ते, धरणं, शाळा सरकार स्वतः बांधू शकतं. खासगी कारखानदाराला मात्र ‘तिकडे जा’ असा हुकूम देता येत नाही. मग त्याला गोडी लावायची. तिकडे गेलास तर विक्रीकर माफ, किंवा आज भरू नकोस, पुढे सावकाश भर.

पन्नास मैलांचं वर्तुळ

दिल्लीतही याच सुमारास हाच विचार चालू होता. गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. याच गाडगीळांनी पूर्वी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली होती. म्हणजे एकाच शहराच्या पोटात गरीब किती, ते काय काम करतात, कसे राहतात, हे कुटुंबांकडे जाऊन विचारायची पद्धत या गावाला जुनीच.

त्यांच्याच काळात, १९६८ मध्ये, राष्ट्रीय विकास परिषदेच्या पातळीवर दोन कार्यगट नेमले गेले. पांडे गटानं मागास भाग कसा ओळखायचा ते ठरवायचं आणि वांच्छू गटानं तिथल्या उद्योगांना कोणत्या सवलती द्यायच्या ते सुचवायचं.

पांडे गटाचे निकष आज वाचताना थबकायला होतं. पहिला निकष अंतराचा: मोठ्या शहरापासून किंवा मोठ्या उद्योगापासून साधारण पन्नास मैलांच्या बाहेर. दुसरा गरिबीचा: दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीपेक्षा किमान पंचवीस टक्के कमी. आणि पुढे वीज, पाणी, वाहतूक उपलब्ध असावी किंवा लवकर होणारी असावी, असंही. म्हणजे मागास हवा, पण इतकाही नको की वीज-पाणी नसेल.

यात गैर काही नव्हतं. वीज-पाण्याशिवाय कारखाना चालणार कसा? पण पुणं मध्यभागी धरून पन्नास मैलांचं, म्हणजे ऐंशी किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा. त्यात पिंपरी येते, तसंच वेल्हेही येतं. राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा हा तालुका. रेल्वे नाही, डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं. पुणेकर पितात ते पाणी पानशेतहून येतं, आणि पानशेत याच तालुक्यात. पन्नास मैलांच्या निकषानं पिंपरी आणि वेल्हे एकाच पारड्यात बसतात.

इथे पहिला धडा मिळतो. मागासपणा कुठे आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो मोजायला फूटपट्टी केवढी घेतली हेही.

तीन जिल्हे, नंतर त्यांचे सहा

या कार्यगटांच्या पाठोपाठ केंद्राची भांडवली अनुदान योजना आली. १९७१ मध्ये स्थिर भांडवलावर १० टक्के, १९७३ पासून १५ टक्के. आयकर कायद्यात ८० एचएच कलम आलं: मागास भागात नवा कारखाना काढला तर नफ्याच्या २० टक्के रकमेची वजावट, दहा वर्षं. अट एवढीच की विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार हवेत.

केंद्राच्या अनुदानासाठी महाराष्ट्रातून तीन जिल्हे निवडले गेले: रत्नागिरी, औरंगाबाद आणि चंद्रपूर. आता या तिघांचं पुढे काय झालं ते पाहू.

औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, हे या योजनेचं यशस्वी उदाहरण म्हणून सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. चिकलठाण्याची वसाहत वाढली, पुढे वाळूज झालं. आकुर्डीच्या बजाज ऑटोनं दुसरा मोठा कारखाना वाळूजला काढला. नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुण्याच्या पट्ट्यातला उद्योग मराठवाड्यात गेला, म्हणजे १९६४ च्या योजनेला हवं होतं तेच घडलं. पण त्याआधी १९७६ मध्ये जायकवाडीचं धरण पुरं झालं होतं, हे विसरू नका. वाळूजला पाणी तिथलं. जमीन एमआयडीसीची. सवलत होती, पण ती पाणी, जमीन आणि रस्त्याच्या जोडीला होती.

दुसरी बाजू बघा. १९८१ मध्ये औरंगाबादमधून जालना वेगळा झाला. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. ‘मागास’ म्हणून निवडलेल्या तिन्ही जिल्ह्यांचे पुढे दोन-दोन तुकडे झाले. आणि गडचिरोली पुढे याच प्रोत्साहन योजनेत ‘विनाउद्योग जिल्हा’ म्हणून नोंदला गेला.

म्हणजे १९७१ ते १९८२ अशी अकरा वर्षं गडचिरोलीचा मुलूख केंद्राच्या अनुदानाला पात्र जिल्ह्यातच होता. कागदोपत्री पूर्ण पात्र! पण कोळसा, रेल्वे, कागद कारखाना हे सगळं चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूला. जिल्हा एक म्हणून लाभ एकाच खात्यावर, आणि वैनगंगेपलीकडे काय पोचलं हे त्या ‘विनाउद्योग’ शब्दानंच सांगून टाकलं.

केंद्रालाही हे कळलं होतं. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय समितीनं १९८० च्या सुमारास नोंदवलं की अनुदानाचा मोठा हिस्सा मोजक्या जिल्ह्यांतच गोळा झाला. पात्र जिल्ह्यांपैकी जे आधीच जरा बऱ्या स्थितीत, विकसित शहराजवळ, त्यांनीच तो उचलला.

दांडेकरांचा आकडा

१९८३ मध्ये राज्य सरकारनं वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर हेही गोखले संस्थेचेच. नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर केलेला अभ्यास १९७१ मध्ये देशभर गाजला होता. समितीनं रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा बाबींत राज्याची सरासरी काढली आणि त्या सरासरीच्या खाली कोण किती आहे ते पैशांत मांडलं. ‘अनुशेष’ हा शब्द आपल्या राजकारणात मुरला तो तिथून.

एकूण अनुशेष ३१८६.७८ कोटी रुपये. विदर्भाचा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ज्याला आपण सरसकट ‘पुढारलेला’ म्हणतो त्या उर्वरित महाराष्ट्रात, म्हणजे पुणे-नाशिक-कोकणाच्या बाजूला, एक तृतीयांशाहून जास्त अनुशेष होता. विदर्भ-मराठवाड्यावरच्या अन्यायाला याचं उत्तर म्हणून वापरू नये. लोकसंख्येचा हिशेब धरला तर त्यांचा वाटा जास्तच होता. पण पुढारलेल्या विभागाच्या पोटातही मागास तुकडे असतात, हे दांडेकरांच्या आकड्यांतूनच दिसतं.

पुढे २०११ मध्ये विजय केळकरांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, २०१३ मध्ये तिचा अहवाल आला. तिनं असमतोल मोजण्यासाठी तालुका हा घटक धरला. मोजपट्टी अशी लहान लहान होत गेली: विभाग, जिल्हा, तालुका. दिशा बरोबरच होती.

अर्ज कोण करतो?

आता निवेदनवाल्यांना सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट.

तालुका डी प्लस झाला तरी तालुक्याला एक रुपया मिळत नाही. ग्रामपंचायतीला नाही, नगरपालिकेला नाही. अर्ज करतो कारखानदार. लहान उद्योग असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात, मोठा असेल तर वरच्या पातळीवर. पूर्वी हे मोठे अर्ज सिकॉम बघायची. जमिनीचे कागद, कर्जमंजुरी, यंत्रांची बिलं, सीएचा दाखला असं सगळं जोडायचं. मग पात्रता प्रमाणपत्र मिळतं. त्यात किती टक्के भांडवलापर्यंत आणि किती वर्षं सवलत, ते लिहिलेलं असतं. विक्रीकराच्या काळात त्यावर पुन्हा विक्रीकर खात्याकडून हक्काचं प्रमाणपत्र घ्यावं लागे. सवलतीचा आकार ठरतो मुख्यतः गुंतवणुकीवर. जास्त यंत्रं, जास्त सवलत. माणसं किती लावली ही बाब बराच काळ मागेच राहिली.

‘पण स्थानिकांना नोकऱ्या द्यायची अट आहे ना?’ आहे. सवलत घेणाऱ्या उद्योगानं पर्यवेक्षकाच्या दर्जाच्या ५० टक्के आणि बाकीच्या ८० टक्के जागा स्थानिकांना द्यायच्या असतात. फक्त ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात पंधरा वर्षं राहिलेला. तालुका मागास म्हणून सवलत मिळाली, पण नोकरी लागायला त्या तालुक्यातलं असायची गरज नाही. कोल्हापूरचा मुलगा गडचिरोलीत स्थानिकच. त्याच्या नोकरीवर आक्षेप नाही. मुद्दा एवढाच की ज्या गावाच्या गरिबीवर सवलत मंजूर झाली, त्या गावाचं नाव पुढच्या हिशेबात कुठेच येत नाही.

ए गटातल्या सवलती

विक्रीकर सवलतींची राज्याराज्यांत इतकी चढाओढ लागली की १९९९ च्या अखेरीला सगळ्या राज्यांनी मिळून नव्या उद्योगांना त्या बंद करायचं ठरवलं. १ जानेवारी २००० पासून ते लागू झालं. पण चढाओढ काही थांबली नाही, दुसऱ्या दारानं आली. २००५ पासून महाराष्ट्रात ‘विशाल प्रकल्प’ ही सोय झाली. २००७ च्या योजनेत तिचं रूप असं होतं: ए आणि बी गटात ५०० कोटींची गुंतवणूक किंवा हजार जणांना रोजगार असेल तर खास पॅकेज. इतर भागात २५० कोटी किंवा पाचशे रोजगार.

म्हणजे प्रकल्प पुरेसा मोठा असेल तर विकसित पट्ट्यातही सवलत. १९६४ मध्ये जिथून उद्योग बाहेर काढायचे होते, तिथे येण्यासाठीही आता प्रोत्साहन! याच काळात चाकण, तळेगाव, रांजणगाव हे मोटारी आणि घरगुती उपकरणांचं मोठं केंद्र झालं. सवलत नसती तर ते झालं नसतं असं मी म्हणणार नाही. सुटे भाग बनवणारे कारखाने, इंजिनिअर, मुंबईचं बंदर, एक्स्प्रेस वे हे सगळं इथे होतंच. मग सवलतीनं नेमकं काय बदललं, हा प्रश्न उरतो, आणि तो विधिमंडळात जितका विचारला जायला हवा तितका विचारला गेलेला दिसत नाही.

शहराच्या आतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. मल्टिप्लेक्स चित्रपटगृहांना राज्यानं काही वर्षं करमणूक करात माफी दिली होती. ती रक्कम मालकाचं करपात्र उत्पन्न की भांडवल, हा वाद पुण्याच्या चाफळकर ब्रदर्स यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं ते भांडवली स्वरूपाचं धरलं. कारण सवलतीचा हेतू मल्टिप्लेक्स उभारायला मदत करणं हा होता. कायद्याच्या दृष्टीनं निकाल सरळ आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: कर सवलत कशासाठी दिली तो हेतू कागदावर स्पष्ट लिहिलेला असला, तर वर्षांनंतरही तिचा जाब त्यावरून देता येतो. मागास तालुक्यांच्या सवलतीतही हेतू लिहिलेला आहे, मागास भागाचा विकास. तो साधला का, हे मात्र कुठल्या न्यायालयात ठरत नाही.

आणि शहरातला गरीब?

ए गटातल्या पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहत आहे. येरवड्यात लक्ष्मीनगर आहे. तालुक्याच्या यादीत यांना जागाच नाही, कारण यांचा तालुका विकसित. त्यांच्यासाठी वेगळा शिक्का आहे: १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली ‘घोषित’ होणं. तिथेही तोच आकृतिबंध आहे. २००५ मध्ये पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. योजना राबवतो विकसक, जादा बांधकामाचा हक्क म्हणजे टीडीआर त्याला, आणि रहिवाशाला घर. घर मिळणं लहान गोष्ट नाही. पण रोजगार, दुकान, छोटा उद्योग याला त्या शिक्क्यात स्थान नाही.

अमेरिकेनं २०१७ मध्ये हीच कल्पना फार बारीक तुकड्यावर लावली. तिथे जनगणनेचे साधारण चार हजार वस्तीचे तुकडे असतात. त्यातले गरीब तुकडे राज्यांच्या गव्हर्नरांनी सुचवायचे आणि तिथे गुंतवणूक करणाऱ्याला भांडवली नफ्याच्या करात सूट. असे ८,७०० हून अधिक तुकडे निवडले गेले. म्हणजे शहरातली एखादी वस्तीसुद्धा पात्र होऊ शकते. मोजपट्टी लहान झाली, पण सूट तिथेही गुंतवणूकदाराला. त्यामुळे आधीच वर चढत असलेल्या वस्त्यांत पैसा जास्त गेला, ही टीका तिथेही झाली. शिवरामन समितीनं आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी हेच नोंदवलं होतं.

मग निवेदनात काय लिहावं?

डी प्लस मागू नका असं मी म्हणत नाही. शेजारचा तालुका मागत असेल तर आपणही मागणारच. पण नुसतं अक्षर मागून थांबू नये. वाळूजला सवलतीआधी पाणी पोचलं होतं. म्हणून निवेदनात पहिली ओळ पाण्याची, विजेच्या उपकेंद्राची आणि रस्त्याची असावी, गटाचं अक्षर त्यानंतर.

आणि तुमचा तालुका आधीच डी किंवा डी प्लसमध्ये असेल, तर जिल्हा उद्योग केंद्राला माहिती अधिकारात चार प्रश्न विचारा. गेल्या दहा वर्षांत या तालुक्यातल्या किती उद्योगांना पात्रता प्रमाणपत्र मिळालं? प्रत्यक्षात एकूण किती रकमेची सवलत दिली गेली? त्यातले किती उद्योग आज चालू आहेत, आणि सवलतीची मुदत संपल्यावर किती बंद पडले? आज कामावर असलेल्यांपैकी तालुक्याचे रहिवासी किती?

चौथ्या प्रश्नाला बहुधा ‘माहिती संकलित केलेली नाही’ असं उत्तर येईल. ते उत्तरही जपून ठेवा. पुढची योजना येईल, नवी यादी निघेल, आमदारसाहेब निवेदन स्वीकारतील, तेव्हा त्याला तेच उत्तर जोडा आणि पाचवी मागणी लिहा: तालुक्याच्या नावावर सवलत देता, तर तालुक्याच्या नावावर हिशेबही दरवर्षी जाहीर करा. अर्जाला दहा रुपये लागतात. कुणाला उत्तर आलं तर खाली जरूर लिहा, तालुक्याच्या नावासकट.